सल्ला ही अमानत : औषध कंपन्यांचे सल्लागार आणि आपल्या घरातली गोळी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मगरिबची नमाज आटोपून आम्ही घरी आलो, तर मोबाइलवर एका जुन्या विद्यार्थिनीचे तीन मिस्ड कॉल दिसले. धाराशिव जिल्ह्यातल्याच एका खेड्यातली ही मुलगी. वडिलांचे पंक्चरचे दुकान. घरातली पहिली पदवीधर. बँकेचे कर्ज काढून बी. फार्मसी झाली आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरीला लागली. आम्ही फोन लावला, तेव्हा सलाम झाल्यावर ती एकदम म्हणाली, "सर, एक मशवरा हवा होता."

कारखान्यात परदेशी तपासणी येणार होती. तिच्या तयारीसाठी कंपनीने बाहेरचे सल्लागार बोलावले होते. त्यांच्यापैकी एकाने यंत्रांच्या साफसफाईच्या वह्या चाळल्या आणि मागच्या काही महिन्यांतल्या रिकाम्या राहिलेल्या ओळी भरून टाकायला सांगितल्या. तारखा मागच्या, सह्या मात्र आताच्या. "सर, त्या महिन्यांत मी त्या विभागात नव्हतेच. साफसफाई झाली होती की नाही, मला माहीत नाही. झालीही असेल. पण सही माझी मागतात. कन्सल्टंट म्हणतो, सगळीकडे असंच चालतं. काय करू?"

आम्ही भाषा शिकवणारे शिक्षक. औषधाच्या कारखान्यातले आम्हाला काय कळणार? आम्ही एवढेच म्हणालो, "बेटी, आज सही करू नकोस. उद्या बोलू." तो 'उद्या' बराच लांबला. तिला उत्तर दुसऱ्या दिवशीच दिले, पण आमच्या डोक्यातला विषय काही संपला नाही. औषध कंपनीला सल्ला देणारी ही माणसे कोण? त्यांचे काम काय? त्यांचा आपल्या घरातल्या गोळीशी काय संबंध? ओळखीच्या केमिस्टांना विचारले, जुनी प्रकरणे वाचली. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

गोळीमागचे हात

सोलापूरहून तुळजापूरकडे येताना आपल्या जिल्ह्याच्या हद्दीत तामलवाडी लागते. बालाजी अमाइन्स या कंपनीचा पहिला कारखाना तिथला. कंपनीची स्थापना १९८८ ची. ही कंपनी अमाइन वर्गातली रसायने बनवते. त्यांतले एक आहे डायमिथाइल अमाइन हायड्रोक्लोराइड. नाव अवघड आहे, पण त्याच्यापासून बनणारे औषध बहुतेक घरांत असते. ते म्हणजे मेटफॉर्मिन, आपली 'शुगरची गोळी'.

म्हणजे दादीअम्मांच्या उशाशी असलेल्या गोळीचा कच्चा माल आपल्याच तालुक्यातल्या रस्त्याकडेचा असू शकतो. तिथून तो मूळ औषध बनवणाऱ्या कारखान्यात जातो. ती भुकटी गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यात जाते. मग घाऊक व्यापारी, मग आपल्या गल्लीतले मेडिकल. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी वजन करतो, तपासतो, लिहितो आणि सही करतो. गोळी चांगली की वाईट हे आपल्याला जिभेवर कळत नाही. दूध नासले तर वास येतो, पीठ जुने झाले तर कडू लागते. औषधाचे तसे नाही. तिथे आपण चवीवर विश्वास ठेवत नाही, कोणा अनोळखी माणसाच्या सहीवर ठेवतो.

म्हणून औषध कारखान्यात एक नियम शिकवला जातो : जे लिहिलेले नाही ते झालेलेच नाही. दुसरा नियम असा की, काम ज्या वेळी झाले त्याच वेळी, ज्याने केले त्यानेच लिहायचे. शिक्षकाला हे सांगावे लागत नाही. हजेरीपट सकाळी वर्गात भरायचा असतो, महिन्याच्या शेवटी घरी बसून नव्हे.

सल्लागार काय करतात?

औषध उद्योगात सल्लागार संस्था अनेक प्रकारची कामे करतात. काही संस्था कारखाना कसा बांधावा, हवा कशी गाळावी, पाणी कसे शुद्ध ठेवावे हे सांगतात. काही संस्था परवान्यांची कागदपत्रे तयार करतात. एखादे औषध अमेरिकेत किंवा युरोपात विकायचे तर तिथल्या औषध प्रशासनाला द्यायचे अर्ज हजारो पानांचे असतात. काही संस्था तपासणीआधी येऊन स्वतःच कडक तपासणी करतात आणि त्रुटी दाखवतात. काही जण कारखान्यावर कारवाई झाल्यानंतर घडी पुन्हा बसवायला येतात. सगळ्यात मोठ्या संस्था धंद्याचा सल्ला देतात : कोणती कंपनी विकत घ्यावी, औषधाची विक्री कशी वाढवावी, कोणत्या डॉक्टरांकडे प्रतिनिधी पाठवावेत.

ही कामे मुळात वाईट नाहीत. लहान कारखानदाराला प्रत्येक देशाचे नियम कुठून माहीत असणार? जाणकाराला विचारून काम करणे हा शहाणपणाच आहे. आपल्याकडे तर मशवऱ्याचे महत्त्व इतके की कुरआनमधल्या एका सूरेचे नावच 'अश्-शूरा' आहे.

पण शाळेतला एक अनुभव सांगतो. परीक्षेआधी मुलाला मदत करणारे दोन प्रकारचे असतात. एक त्याला गणित समजावून देतो, चुका दाखवतो, प्रसंगी रागावतो. दुसरा त्याला उत्तरे पुरवतो. पास दोघांकडचीही मुले होतात. पण पहिल्याचा मुलगा पुढे हिशेब करू शकतो, दुसऱ्याचा करू शकत नाही. औषध कंपन्यांच्या सल्लागारांतही हे दोन प्रकार आहेत. फरक इतकाच की तिथे नापास झाल्याची शिक्षा कंपनीला होण्याआधी रुग्णाला होते.

कुलपात ठेवलेला सल्ला

रॅनबॅक्सी ही एकेकाळी भारतातली सर्वांत मोठी औषध कंपनी होती. २००४ साली कंपनीतल्याच अधिकाऱ्यांनी आतून तपास केला, तेव्हा अनेक देशांत औषधांना परवानगी मिळवताना दिलेली चाचण्यांची माहिती खोटी असल्याचे दिसले. डॉ. राजिंदर कुमार यांनी ते संचालकांपुढे मांडले. त्यांच्या हाताखाली हा तपास करणारे दिनेश ठाकूर यांनी २००५ मध्ये नोकरी सोडली आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाला, म्हणजे एफडीएला कळवले.

२००६ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या पांवटा साहिबच्या कारखान्याची तपासणी झाली, कंपनीला इशारा मिळाला. मग कंपनीने पॅरेक्सेल या संस्थेच्या सल्लागारांना बोलावले. सल्लागारांनी कारखाने तपासले, अहवाल लिहिले. इथपर्यंत सगळे रीतसर. पण अमेरिकी सरकारने ते अहवाल मागितले, तेव्हा कंपनीचे उत्तर आले की ते वकिलाच्या सांगण्यावरून केलेले काम आहे, त्यामुळे ते गोपनीय आहे. जुलै २००८ मध्ये सरकारला हे अहवाल मिळवण्यासाठी न्यायालयात जावे लागले.

इथे थांबून विचार करावा. औषधात काय दोष आहे हे सल्लागाराला कळले, कंपनीला कळले. ज्याने गोळी गिळली त्याला कळले नाही, आणि त्याच्या वतीने विचारणाऱ्या सरकारलाही सहज कळू दिले गेले नाही. मे २०१३ मध्ये रॅनबॅक्सीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे पावणेतीन हजार कोटी रुपये भरले. तोवर पहिल्या तक्रारीला जवळपास आठ वर्षे झाली होती.

सल्ला घेतला याचा अर्थ तो पाळला असा होत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी खिशात ठेवून ताप उतरत नाही.

वाळूजची आठवण

दूरचे सांगून झाले, आता मराठवाड्यातले. वोखार्ट ही हबील खोराकीवाला यांची कंपनी. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या वाळूजला तिचा मोठा कारखाना. आपल्या भागातल्या कितीतरी मुलांना या पट्ट्यातल्या औषध कारखान्यांनी रोजी दिली. औषध उद्योगात मुस्लिम कुटुंबांचे योगदानही मोठे आहे. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत सिप्लाची स्थापना केली. त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी २००१ मध्ये एड्सवरची औषधे माणशी दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केली, आणि जगाने भारताकडे आदराने पाहिले. हा अभिमान आम्हालाही आहे.

पण आपल्या माणसाचे ते झाकायचे आणि परक्याचे ते उघडे करायचे, हा न्याय इस्लामला मान्य नाही. साक्ष स्वतःच्या किंवा आईबापांच्या विरोधात जात असली तरी खरी द्यावी, हीच कुरआनची शिकवण आहे. म्हणून हेही सांगितले पाहिजे.

मार्च २०१३ मध्ये वाळूजच्या कारखान्याची अमेरिकी एफडीएने तपासणी केली. मे महिन्यात तिथल्या औषधांना अमेरिकेत प्रवेशबंदी झाली आणि जुलैमध्ये इशारापत्र आले. तपासणीच्या वेळी फाडलेल्या मूळ नोंदी कचऱ्यात सापडल्या, आणि लेबल नसलेल्या कुप्यांतला द्रव अधिकाऱ्यांसमोर मोरीत ओतला गेला, असे त्या पत्रात नमूद आहे. ब्रिटनच्या औषध नियामकानेही त्याच जुलैमध्ये वाळूजला बनलेली १६ औषधे खबरदारी म्हणून परत मागवली. कामगारांच्या प्रशिक्षणाच्या नोंदी पुन्हा लिहून काढल्याचे त्यांना आढळले होते. त्या औषधांमुळे रुग्णांना धोका झाल्याचा पुरावा नाही, असेही ब्रिटनच्या नियामकाने सांगितले होते. हेही लक्षात ठेवले पाहिजे.

एफडीएने त्या पत्रात कंपनीला एक शिफारस केली. नोंदींमधली लबाडी ओळखण्याचा अनुभव असलेला बाहेरचा तपासनीस नेमा, असे सांगितले. म्हणजे सल्लागार नेमा, पण उत्तरे पुरवणारा नको, चुका शोधणारा नेमा. चांगल्या सल्लागाराची व्याख्या याहून सोप्या शब्दांत आम्हाला सापडली नाही.

आमच्या विद्यार्थिनीने फोनवर जे सांगितले, ते आणि 'पुन्हा लिहिलेल्या नोंदी' यांत फारसे अंतर नाही. रिकामी ओळ भरणे तिला किरकोळ वाटत होते. पण यंत्र साफ झाले नसेल तर आधीच्या औषधाचे कण पुढच्या औषधात जातात. कोणाला पेनिसिलिन सोसत नसते, तर त्याच्यासाठी तेवढेही जीवघेणे ठरू शकते. वहीतली ओळ म्हणजे त्या माणसाची ढाल.

पैसे देणारा एक, गोळी गिळणारा दुसरा

आता धंद्याचा सल्ला देणाऱ्या बड्या संस्थांकडे वळू. अमेरिकेत पर्ड्यू फार्मा नावाची कंपनी ऑक्सिकॉन्टिन हे वेदनाशामक विकत असे. ते अफूच्या जातीचे औषध. त्याची सवय लागते, आणि जास्त घेतले तर श्वास थांबतो. २००७ मध्येच पर्ड्यूशी संबंधित कंपनीने या औषधाच्या चुकीच्या प्रचाराबद्दल गुन्हा कबूल केला होता. तरीही जगप्रसिद्ध सल्लागार संस्था मॅकिन्झी हिने २०१३ मध्ये पर्ड्यूला या औषधाची विक्री जोरात वाढवण्याची योजना करून दिली. जे डॉक्टर आधीच हे औषध भरपूर लिहून देतात, त्यांच्याकडेच प्रतिनिधींनी जास्त फेऱ्या माराव्यात, असा तिचा रोख होता.

२०१७ मध्ये मॅकिन्झीच्या सादरीकरणात आणखी एक सूचना होती. हे औषध घेऊन रुग्णाला विषबाधा झाली, तर ते पुरवणाऱ्या कंपन्यांना दर रुग्णामागे पैसे परत द्यावेत. एका हिशेबात ही रक्कम १४,८१० डॉलर धरली होती. ही फक्त सूचना होती. पण माणसाच्या जिवाचा आकडा वहीखात्याच्या एका रकान्यात बसवणारे हात कोणाचे असतील, हा विचार मनातून जात नाही. ती उच्चशिक्षित, हुशार, घरी आपल्या आईबापांवर प्रेम करणारी माणसेच असतील.

२०२१ मध्ये मॅकिन्झीने अमेरिकेतल्या राज्यांशी ५७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड केली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारशी आणखी ६५ कोटी डॉलरची तडजोड झाली. तेव्हाच्या दराने सुमारे साडेपाच हजार कोटी रुपये. संस्थेच्या एका माजी वरिष्ठ भागीदाराने कागदपत्रे नष्ट केल्याचा गुन्हा कबूल केला. अमेरिकी संसदेच्या समितीने २०२२ मध्ये दाखवून दिले की, मॅकिन्झीचे किमान २२ सल्लागार अफूजन्य औषधे बनवणाऱ्या कंपन्यांसाठीही काम करत होते आणि त्या कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या एफडीएसाठीही. काहींचे काम तर एकाच काळात दोन्हीकडे चालू होते.

गावच्या वादात दोन्ही बाजूंकडून पैसे घेणाऱ्या माणसाला आपण पंच म्हणत नाही. त्याच्यासाठी आपल्या बोलीत दुसरे शब्द आहेत.

सल्लागाराचे बिल कंपनी भरते. त्यामुळे त्याची नजर कंपनीच्या फायद्याकडे लागते. पण त्याच्या सल्ल्याचा परिणाम भोगणारा माणूस त्या खोलीत हजरच नसतो. तो कुठेतरी परंड्यात, भूममध्ये किंवा अमेरिकेतल्या एखाद्या कोळसाखाणीच्या गावात पाण्याबरोबर गोळी गिळत असतो. सल्ला देताना त्या गैरहजर माणसासाठी एक खुर्ची रिकामी ठेवली पाहिजे.

आता हा प्रश्न लहान कारखान्यांचा

भारतात औषधे बनवणारे सुमारे साडेदहा हजार कारखाने असल्याचे केंद्र सरकारने २०२३ मध्ये सांगितले. त्यांतले साडेआठ हजारांच्या आसपास लघु आणि मध्यम आहेत. कारखाना कसा असावा याचे नियम औषध नियमावलीच्या 'शेड्यूल एम' या भागात आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये ते सुधारून अधिक कडक केले गेले. लहान कारखान्यांना मुदतवाढ देऊन ३१ डिसेंबर २०२५ ही तारीख ठरली. साहजिकच सल्लागारांना मागणी वाढली. लहान कारखानदाराकडे पैसा कमी, वेळ कमी. अशा वेळी 'भिंती, यंत्रे, पाणी सुधारू' म्हणणारा सल्लागार महाग वाटतो आणि 'फाइली तयार करून देतो' म्हणणारा स्वस्त.

स्वस्ताची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिल्यानंतर १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचे विषारी रसायन होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी करून रुग्णालयापासून औषध प्रशासन आणि सत्ताधाऱ्यांपर्यंत सगळ्यांवर कडक ताशेरे ओढले. त्यानंतर जवळपास चाळीस वर्षे गेली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लेकरांचे जीव घेतले. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणले होते. औषधाचे नाव कोल्ड्रिफ, बनवणारा तमिळनाडूतला एक लहान कारखाना. विष तेच, डायएथिलीन ग्लायकॉल. तपासलेल्या नमुन्यात ते ४८ टक्क्यांहून अधिक होते, म्हणजे बाटलीतले जवळपास अर्धे.

हे विष ओळखण्याची चाचणी आहे. कच्च्या मालाचे पिंप आले की ते तपासून मगच वापरायचे असते. चाचणी न करता चाचणीचा कागद भरला की काय होते, ते त्या आईबापांना विचारावे. मुलाचा ताप उतरावा म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने चमचा भरवला होता.

दीन काय सांगतो?

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी, ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो त्याला अमानतदार ठरवले आहे. अमानत म्हणजे नुसती ठेवलेली रक्कम नव्हे. पेशंटने डॉक्टरवर, ग्राहकाने केमिस्टवर, केमिस्टने कारखान्यावर आणि कारखान्याने सल्लागारावर टाकलेला विश्वास ही एकातून दुसऱ्यात जाणारी अमानतच आहे. मधला एकजण फिरला की सगळी साखळी तुटते.

माप मारणाऱ्यांविषयी कुरआनमध्ये एक स्वतंत्र सूरा आहे, अल-मुतफ्फिफीन. आपण तिचा संबंध बाजारातल्या तराजूशी लावतो. पण ५०० मिलिग्रॅम लिहून कमी भरणे, न केलेली चाचणी केली म्हणून लिहिणे, न झालेल्या साफसफाईवर सही करणे, हेही माप मारणेच आहे. आपल्या घरांत हलाल रोजीची चर्चा खाण्यापिण्यापुरती आणि व्याजापुरती राहते. ज्या सहीवर पगार मिळतो ती सही खरी आहे का, हा प्रश्नही त्याच चर्चेत आला पाहिजे.

आज आपल्या जिल्ह्यातली, विशेषतः आपल्या समाजातली मुले-मुली मोठ्या संख्येने फार्मसीकडे वळत आहेत. डी. फार्म, बी. फार्म होऊन कोणी मेडिकल टाकते, कोणी कारखान्यात जाते, कोणी पुढे स्वतः सल्लागार होईल. आईबाप विचारतात, पगार किती? जरूर विचारावे, कर्ज फेडायचे असते. पण घरी आल्यावर हेही विचारावे, "कामावर कोणी खोटे लिहायला सांगत नाही ना? सांगितले तर आम्हाला सांग. नोकरी गेली तरी आम्ही आहोत." एवढा आधार घरातून मिळाला, तर ते मूल कारखान्यात ताठ उभे राहते. दिनेश ठाकूर यांच्यासारखी माणसे आकाशातून पडत नाहीत. त्यांच्या पाठीशी कुठेतरी घर उभे असते.

घरात करता येण्यासारखे

सर्वसामान्य कुटुंबाने कारखान्यात जाऊन तपासणी करायची नाही. पण काही साध्या सवयी लावता येतात. औषध घेताना पक्के बिल घ्यावे. त्यावर बॅच क्रमांक असतो. औषध संपेपर्यंत पाकीट आणि बाटली फेकू नये. तीनशे नामांकित औषधांच्या पाकिटांवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड छापणे बंधनकारक आहे. घरातल्या कॉलेजच्या मुलाला तो मोबाइलवर तपासायला सांगावा. तपासणीत नापास झालेल्या औषधांची यादी केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला प्रसिद्ध करते. औषध घेतल्यावर काही विपरीत झाले, तर डॉक्टरांना दाखवावे आणि १८००-१८०-३०२४ या सरकारी निःशुल्क क्रमांकावर कळवावे. लहान मुलांना खोकल्याचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नये.

आणि घाबरून औषध बंद करू नये. शुगरची, बीपीची गोळी आपल्या मनाने सोडणे हे वाईट गोळीपेक्षाही घातक ठरू शकते. देशात प्रामाणिकपणे काम करणारे कारखाने आणि सल्लागार पुष्कळ आहेत. त्यांच्यामुळेच आपल्याला स्वस्त औषध मिळते.

तिचे पुढे काय झाले?

दुसऱ्या दिवशी आम्ही एका जाणत्या केमिस्ट मित्राला विचारून आमच्या विद्यार्थिनीला फोन केला. त्याने सांगितलेला मार्ग सोपा होता आणि नियमातलाच होता. नोंद राहून गेली असेल तर ती लपवायची नाही. जो कामावर होता त्यानेच, आजची तारीख टाकून, 'उशिरा केलेली नोंद' असे लिहून, कारण देऊन सही करायची. कोण होते, काय झाले हे कळत नसेल तर ओळ रिकामीच ठेवायची आणि त्रुटी म्हणून वेगळ्या कागदावर नोंदवायची. मग त्या काळातल्या बॅचचे काय करायचे, हे वरिष्ठांनी ठरवायचे.

ती म्हणाली, "सर, मी हे बोलले तर ते मला काढून टाकतील."

आम्ही म्हणालो, "काढतीलही. ते आम्ही नाकारत नाही. अब्बांशी बोललीस का?"

तिने वडिलांना फोन केला. पंक्चर काढता काढता त्या माणसाने सगळे ऐकून घेतले. औषधातले त्यांना काही समजले नसावे. ते एवढेच म्हणाले, "बेटी, मी ट्यूब लावतो तेव्हा पाण्यात बुडवून बघतो. बुडबुडा आला तर गिऱ्हाइकाला सांगतो. तू पण बघ आणि सांग."

तिने सही केली नाही. जे माहीत नव्हते ते माहीत नाही म्हणून लिहिले. महिनाभर तिच्याशी कोणी नीट बोलले नाही, नंतर तिला दुसऱ्या विभागात टाकले. पण त्याच सल्लागार संस्थेतल्या एका वयस्क बाईंनी जाताना तिच्या टेबलाशी थांबून सांगितले की, तुझी ती नोंद योग्य होती. हप्ते अजून चालू आहेत, नोकरीही चालू आहे. पुढे काय होईल ते अल्लाहला माहीत.

त्या ईदला ती गावी आली तेव्हा आमच्या घरी शीरखुर्मा घेऊन आली. आमच्या अम्मीच्या उशाशी शुगरच्या गोळ्यांचे पाकीट होते. तिने ते उचलले, उलटे केले, बॅच क्रमांक वाचला आणि पुन्हा जागेवर ठेवले. अम्मीने विचारले, "काय बघतेस गं?"

ती म्हणाली, "काही नाही दादी, कोणी सही केली असेल ते बघत होते."